मुऱ्हाळ्याच्या गाडीचा खडखडाट

आधी वास आला, मग धूर आला, आणि धुरामागोमाग आमच्या सोसायटीचे प्रमुख आले. एका हातात वाळूची बादली, दुसऱ्या हातात लुंगीचा सोगा. मी गाडीखाली उताणा पडलो होतो, त्यामुळे मला त्यांच्या फक्त चपला आणि बादलीचं बूड दिसत होतं.

"भाई, शुं सळगे छे?" चपला म्हणाल्या. काय जळतंय?

"काही नाही, प्रमुखभाई. पॅकिंग जरा गरम झालंय."

गरम कसलं, वितळून ठिबकत होतं. त्यातला एक थेंब माझ्या बनियनवर पडला, आणि मी ज्या वेगाने बाहेर आलो तो वेग त्या गाडीनेही माझ्या ताब्यात आल्यापासून कधी दाखवलेला नाही. मी बाहेर यायला आणि प्रमुखांनी बादली उपडी करायला एकच गाठ पडली. वाळू धुरावर थोडी पडली, बाकी सगळी माझ्या डोक्यावर.

झालं होतं असं. माझ्या गाडीच्या सायलेन्सरच्या पायपातून खडखडाट यायचा. त्या पायपावर उष्णता अडवायला एक पातळ पत्रा बसवलेला असतो. तोच वाजतोय, असं माझं मत. आता मी माणूस मागावरचा. सुरतेत खात्यात, म्हणजे माग चालतात त्या शेडमध्ये, फिटर म्हणून लागलो आणि केस पांढरे होईपर्यंत मागांची दुखणी काढत आलो. मागाचा एखादा पत्रा वाजायला लागला की आमचा फिटर पहिल्यांदा काय करतो? खाली पडलेली चिंधी उचलतो, तिची घडी घालतो आणि फटीत कोंबतो. पत्रा गप्प होतो. हा इलाज मी इतक्यांदा केलाय की हात आपोआप चिंधीकडे जातो. तसा तो त्या रविवारी गेला. बायको घरी साड्यांना लेस लावायचं काम करते. तिच्या टोपलीतल्या कात्रणांची छान जाडजूड घडी झाली, फटीत घट्ट बसली. गाडी सुरू केली. पत्रा गप्प. मी स्वतःवर एवढा खूश झालो की इंजिन चालूच ठेवून, आपली कारागिरी डोळे भरून बघायला खाली सरकलो.

सुरतेची साडी पॉलिएस्टरची असते. हे मला कोणी सांगायला नको, माझा अख्खा संसार त्याच धाग्यावर उभा आहे. पण माग थंड असतो आणि सायलेन्सर थंड नसतो, एवढी साधी गोष्ट त्या वेळी डोक्यात आली नाही.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बायकोने खाली वाकून पाहिलं. "हाई गाडी शे का चुल्हा?" तिने विचारलं. आणि मग, जरा थांबून, "मना लेसना तुकडा कोठे गयात?"

इथे एक सांगून ठेवतो. आमच्या घरात अहिराणी चालते, पण बायकोची एक रीत आहे. रागात अहिराणी, थट्टेतही अहिराणी. मात्र काही ठरवून झालेलं असलं की ती शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध मराठी बोलते. मग त्यात बदल होत नाही. त्या दिवशी अहिराणीच होती, म्हणून मी निर्धास्तपणे डोक्यातली वाळू झटकत राहिलो.

प्रमुख म्हणाले, "पार्किंगमां रिपेरिंग बंद. मिस्त्रीने आपी दो ने, भाई!" मिस्त्रीकडे द्या ना.

"मिस्त्री मीच आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या बनियनच्या भोकाकडे पाहिलं आणि रिकामी बादली घेऊन गेले.

गाडी कसली म्हणाल, तर स्पोर्ट्स कार. लाल. दोन दरवाजे, दोन सीटा, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की स्पीडब्रेकर आला की मी मनातल्या मनात कुलदैवताचं नाव घेतो. इच्छापोरच्या एका कारखान्यात मी मशीन दुरुस्तीला जातो. तिथे शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ही कित्येक वर्षं उभी होती. शेठच्या मुलाने हौसेने आणली, मग मुलगा परदेशी गेला आणि उंदीर राहायला आले. शेठला जागा हवी होती. ते म्हणाले, भंगारवाल्याला बोलवतो. मी म्हणालो, मला बोलवा. घरी न विचारता म्हणालो, हे वेगळं सांगायला नको.

ती रस्त्यावर आणेपर्यंत माझे सगळे रविवार गेले. इंजिन लागलं, ब्रेक लागले, उंदरांनी खाल्लेली वायर बदलली. बायकोने पहिल्याच दिवशी आत डोकावून पाहिलं होतं. "मांगनी सीट कोठे शे?" नाहीच म्हटल्यावर तिने जाहीर केलं की ज्या गाडीत चार माणसं बसत नाहीत तिच्यात ती पाय ठेवणार नाही. आणि त्या वेळेपर्यंत तिने तो शब्द पाळला होता.

आणि लोक! पेट्रोल पंपावरचा मुलगा मला विचारतो, "शेठ नथी आव्या?" एका हॉटेलच्या वॉचमनने मला सांगितलं, ड्रायव्हर लोकांनी गाडी मागच्या बाजूला लावायची. मी त्याला म्हणालो, शेठ उतरले, आता मी ड्रायव्हर नाही, आणि गाडी पुढेच लावून आत जाऊन चहा प्यायलो. महाग चहा होता, पण पुरा प्यायलो. हिऱ्याच्या व्यापाऱ्याने लाल गाडी घेतली की शोभते, आणि मागावरच्या खानदेशी माणसाने घेतली की तो ड्रायव्हर, हा हिशोब कोणी ठरवला ते मला अजून कळलेलं नाही. ज्याने ठरवला त्याने एकदा माझ्यासमोर येऊन बोलावं.

तर बाकी सगळं जमलं, राहिला तो खडखडाट. गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. अख्खी पायपाची लाइन बदलावी लागेल, माल बाहेरून मागवावा लागेल, म्हणाला. मी म्हणालो, असू दे. जो माणूस न वाकता निदान करतो त्याच्या हाती मी मागाचा खिळासुद्धा देत नाही.

वाजेना का बापडा, असंही मी म्हणू शकलो असतो. पण आखाजी आली होती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आम्हा खानदेशी लोकांना ती दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पुरणपोळी आणि आमरस होतो. पण सासरहून लेक एकटी निघत नाही. तिला आणायला भावाने किंवा भाच्याने जावं लागतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर सासरचे काही बोलत नाहीत, नुसते बघतात. ते बघणं फार दिवस पुरतं.

माझी मोठी बहीण, आक्का, भेस्तानला दिली आहे. आई-वडील गेल्यावर तिचं माहेर म्हणजे आमचा दिंडोलीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दिंडोलीहून भेस्तान म्हणजे काही परदेश नव्हे. पण मी दरवर्षी मुऱ्हाळी म्हणून जातोच. आधी सायकलने गेलो, मग मोपेडने, मग रिक्षाने. आणि दरवर्षी तिचे यजमान, आमचे दाजी, ओट्यावर खुर्ची टाकून माझं वाहन बघायला बसलेले असतात. दाजी हजीऱ्याला एका प्लांटमध्ये ठेकेदाराचे सुपरवायझर आहेत. माणूस वाईट नाही, पण जिभेला ब्रेक नाही. "संक्रांतीचं वाहन पंचांगात बघावं लागतं," ते शेजाऱ्यांना सांगायचे, "आमच्या मेहुण्यांचं गल्लीत बसून कळतं."

मागच्या भाऊबीजेला मी पहिल्यांदा लाल गाडी घेऊन गेलो. आक्काला गाडीतून एक चक्कर मारून आणावी, एवढाच बेत होता. गेलो तेव्हा गाडी जरा कुरकुरत होती. आक्का बसली आणि गाडी अशी काही वाजायला लागली की दुपारची झोपलेली गल्ली उठून दारात आली. पोरं मागे धावली. दाजी ओट्यावरून ओरडले, "मेहुणे, गाडी आणलीत का माग? भेस्तानपर्यंत कापड किती निघालं?"

गल्ली हसली. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. आक्का हसली नाही. घरात आल्यावर तिने मला चहा दिला तो बशीत सांडला. आक्काच्या हातून चहा सांडत नाही. त्या गल्लीत तिचे इतके दिवस गेले, चार जावांमध्ये तिने मान वर ठेवून संसार केला, आणि भावाने येऊन एका चकरेत तिला गल्लीची करमणूक करून टाकलं.

यंदा आखाजीच्या आधी दाजींचा फोन आला. "मेहुणे, मुऱ्हाळ्याची काय गरज आहे? मीच आणून सोडतो हिला. माझ्या गाडीत एसी आहे. आणि आवाज नाही."

सरळ बोलणं होतं, पण अर्थ काय? नवऱ्याने बायकोला माहेरी पोचवायचं, म्हणजे भावाच्याने झालं नाही, हे गल्लीला सांगायचं. मी काही बोलायच्या आत आक्काने त्यांच्या हातातून फोन घेतला. "भाऊ, तूच ये लेवाले," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "फक्त वाजत नको येऊस रे."

"मीच येणार," मी म्हणालो, "आणि लाल गाडीतूनच येणार."

फोन ठेवला तर बायको दारात उभी. "रिक्षा करा ना."

"नाही."

"शेजारीसनी गाडी मागा."

"मुळीच नाही."

"मग काय वाजत जाशात?"

"वाजणार नाही."

ती सुस्कारा टाकून आत गेली. तिच्या भावाचाही फोन येतो दर आखाजीला. दोंडाईचाकडे आहे तो. ताई, येऊ का घ्यायला, म्हणतो. ती दरवर्षी एकच उत्तर देते, "आमनाकडे आखाजीले नणंद राहस, मी कशी येऊ?" आणि पुरण वाटायला बसते. हे मी आत्ता लिहितोय. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पायप होता.

तर चिंधीचा प्रयोग जळल्यावर मी नीट विचार केला. पत्र्याचं भोक गंजून मोठं झालं होतं, बोल्टाचं डोकं त्यातून निसटत होतं. मोठा वायसर टाकला, वरून स्टीलची पट्टीक्लिप गुंडाळून आवळली. या खेपेला आगीला भिणारं काही वापरलं नाही. पार्किंगमध्ये रिपेरिंग बंद होतं, म्हणून सोसायटीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, निंबाच्या सावलीत काम केलं. गाडी सुरू केली. एकही आवाज नाही. रिंग रोडपर्यंत जाऊन आलो. मांजरीसारखी चालली. येताना मी तोंडाने शीळ घालत होतो, आणि माझी शीळ मला ऐकू येत होती, यावरून काय ते समजा.

गेटवर प्रमुख भेटले. मी काच खाली केली. "बसा प्रमुखभाई! ऐका आता."

ते नाही-नाही म्हणत बसले. प्रमुख अंगाने भरलेले. त्या खोल सीटमध्ये त्यांना उतरवणं म्हणजे विहिरीत घागर सोडण्यासारखं होतं. बसले, दार लावलं, मी गाडी हलवली. आणि खड-खड-खड-खड!

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"हमणां सुधी तो चुप हती," ते म्हणाले. आत्तापर्यंत तर गप्प होती.

"उतरता का जरा?"

ते खूप कष्टाने उतरले. मी गाडी थोडी पुढे नेली. गप्प. मागे घेतली. गप्प. "बसा पुन्हा." बसले. खड-खड-खड!

"एटले? मारा लीधे?" त्यांचा चेहरा पडला. माझ्यामुळे?

आता समोरच्या माणसाला 'हो' कसं म्हणायचं? मी म्हणालो, "तसं नाही, तुमच्या बाजूमुळे." त्यांना ते आणखी लागलं. दार जरा जोरात लावून ते निघून गेले.

पण मला मात्र भाऊबीज आठवली. जाताना कुरकुर, आणि आक्का बसल्यावर गोंगाट. मी नेहमी एकटा फिरतो. बायको बसत नाही, दुसरं कोणी बसायला धजत नाही. डाव्या सीटवर माणूस बसलेला असताना ही गाडी मी तपासलीच नव्हती! मुऱ्हाळ्याची गाडी जाताना रिकामी आणि येताना भरलेली असते. मी फक्त जातानाची दुरुस्ती केली होती.

आखाजी दुसऱ्या दिवशी होती.

डाव्या सीटवर आक्काएवढं वजन हवं होतं. प्रमुख रुसलेले. बायकोने पाय न ठेवण्याचा शब्द दिलेला. मी घरात चोहीकडे नजर फिरवली. पॅसेजमध्ये वर्षाचा गहू आलेला होता, गावाकडून, पोत्यांत भरून. त्यातलं एक पोतं मी मिठीत घेतलं.

"काय करी राहिनात?" बायको.

"आक्काला खाली नेतोय."

"मना गहू!"

"त्याला काही होत नाही, बसवून आणतो."

लिफ्टपर्यंत ओढत आणलं, खाली आल्यावर हात गळाले. गेटजवळ बसलेल्या प्रमुखांनी बराच वेळ न बघितल्यासारखं केलं. मग राहवेना म्हणून उठून आले. "आ घऊं क्यां लई जाव छो?" हा गहू कुठे नेताय?

"तुमच्या जागी बसवतोय."

त्यावर प्रमुख मोठ्याने हसले. पोत्याचं दुसरं टोक त्यांनी धरलं. आम्ही दोघांनी मिळून गहू डाव्या सीटवर नीट बसवला. प्रमुखांनी स्वतः त्याला सीटबेल्ट लावला.

आता आत बसून रेस द्यायला कोणीतरी हवं होतं, कारण मी खाली असणार. प्रमुखांना स्टिअरिंगमागे बसवायचा विचार आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून सोडून दिला. तेवढ्यात बायको आपल्या गव्हामागे खाली आलीच होती.

"मी या गाडीमा बसाव नही, सांगेल शे."

"बसू नको. नुसती रेस दे."

तिने पदर खोचला, ड्रायव्हरच्या सीटवर टेकली, आणि शेजारच्या पोत्याकडे पाहून म्हणाली, "बठा, नणंदबाई."

निंबाखाली नेलेल्या गाडीची डावी चाकं मी आधीच जुन्या मागाच्या सागवानी फळ्यांवर चढवली होती, बाकीच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला. खात्यात कित्येक वर्षं राहून माझे कान गेलेत. बायको म्हणते सोयीचं तेवढं ऐकू येतं. पण मागाच्या गोंगाटात दुखणं शोधायची आमची एक पद्धत आहे, तिला कान लागत नाहीत. लाकडाची दांडी घ्यायची, एक टोक वाजणाऱ्या भागाला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. आजूबाजूला दोनशे माग चालू असोत, दांडी फक्त त्या एकाचंच बोलणं सांगते. मी दांडी घेऊन खाली गेलो.

"दे रेस!"

बायकोने दिली. पहिल्यांदा इतकी दिली की निंबावरचे पक्षी उडाले.

"हळू! हळू!"

"हळूच शे!"

पत्र्याला दांडी लावली. पत्रा शांत. मधल्या जोडाला लावली. शांत. मागे सरकलो, पायप जिथे रबरी पट्ट्याने गाडीला टांगलेला असतो तिथे लावली, आणि हाडात थेट ठण-ठण सुरू झालं. डोळ्यांनी बघितलं तर सगळं समोर होतं. ते रबर म्हातारं होऊन लोंबलं होतं, पायप खाली आला होता. एकटा मी बसलो तर पायप आणि एक्सलचा दांडा यांच्यात बोटभर अंतर राहायचं. डावीकडे वजन आलं की गाडी बसायची आणि बोटभर अंतर संपायचं. एवढंच दुखणं. एवढ्यासाठी गॅरेजवाला अख्खी लाइन बदलणार होता!

"सापडलं!" मी खालून ओरडलो.

"मग आते उठू का?" वरून.

"नको! अजून थोडी रेस दे." खरं तर गरज नव्हती. पण तिला रेस द्यायला आवडायला लागलं होतं, हे मला गाडीच्या आवाजावरून कळत होतं.

नवीन रबर परदेशातून आलं असतं तेव्हा आलं असतं. माझ्याकडे माग चालवायच्या जाड पट्ट्याचा तुकडा होता. कापड आणि रबर एकावर एक घट्ट बसवलेला, वर्षानुवर्षं मोटारीचा ताण सोसलेला. आधी पायप तापवून हात लावून पाहिला. त्या टोकाला तो चटका देण्याइतका तापत नव्हता. एकदा पोळलेला माणूस मी. पट्टा दुहेरी केला, दोन भोकं पाडली, पायप वर उचलून टांगला. गव्हासकट एक फेरी मारली. प्रमुख रस्त्याच्या कडेला कानामागे हात धरून उभे होते. आपल्या हाताने कान मोठा करून ऐकत होते. मी समोरून गेलो तेव्हा त्यांनी मान हलवली. नाही. काही वाजत नाही.

"पार्किंगमां लावो," ते म्हणाले.

आखाजीच्या सकाळी मी पांढरा सदरा घातला, टोपी घातली, आरशात बघितलं. मुऱ्हाळी दिसत होतो. भेस्तानच्या गल्लीत वळलो तेव्हा छाती धडधडत होती, गाडी धडधडत नव्हती. ऊन चढलं होतं. घरोघरी कूलर चालू, दारं लोटलेली, आत पुरणाचा वास. मी गाडी आणून आक्काच्या दारासमोर उभी केली. कोणी आलं नाही. एक दार उघडलं नाही, एक पोर धावलं नाही. दाजी ओट्यावर खुर्चीत होते, पण पाठ रस्त्याकडे, फोनवर बोलत होते. मी त्यांच्या मागे गाडी घेऊन उभा, आणि त्यांना पत्ता नाही.

मी हॉर्न वाजवला नाही. का म्हणून वाजवू? बघतील तेव्हा बघतील.

त्यांचं बोलणं संपलं, ते वळले आणि दचकले. "अरे! कधी आलात?"

"मघाशीच."

ते खाली उतरले. गाडीभोवती फिरले. वाकून मागे पाहिलं. "बंद केलीत वाटतं."

"चालू आहे, दाजी."

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. आक्का पिशवी घेऊन दारात आली होती. ती दाजींच्या चेहऱ्याकडे बघत होती, गाडीकडे नाही. दाजींनी हात काढला, झटकला. "मग ठीक आहे," ते म्हणाले. ज्याच्या जिभेला ब्रेक नाही अशा माणसाकडून 'मग ठीक आहे' मिळणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

आक्का बसली. गाडी खाली बसली. पट्टा बसला नाही. पिशवी मांडीवर, एक हात खिडकीवर, आक्का ताठ बसून गल्ली न्याहाळत होती. आम्ही एकेका दारासमोरून अलगद गेलो. थोरल्या जावेचं दार बंद. धाकटीचं बंद. गल्ली संपली तशी तिने मान वळवून मागे पाहिलं.

"कोणीच नाही पाहिलं रे भाऊ," ती म्हणाली.

मी गाडी उलटी फिरवली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा नेली, या वेळी हॉर्न दाबून धरून. दारं उघडली. आक्काने पदर सारखा केला आणि सगळ्या जावांकडे बघून अगदी थोडीशी मान हलवली, जशी लग्नात मोठी माणसं हलवतात. दाजी ओट्यावर उभे राहून हसत होते. तोंड उघडलं होतं त्यांनी, पण हॉर्नमध्ये काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, आणि मला ऐकायचंही नव्हतं.

दुपारी जेवणं झाली. आमरसाने सगळे जड झाले. आक्का आतल्या खोलीत पंख्याखाली पडली, आणि मी बायकोला गॅलरीत सगळं रंगवून सांगितलं: दाजींचा हात, बॉनेट, बंद दारं, आक्काचं तोंड, हॉर्न. ती खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत ऐकत होती. पुरण वाटून तिच्या हाताला फोड आला होता, त्यावर ती फुंकर घालत होती. माझं संपल्यावर ती बोलली, आणि शुद्ध मराठीत बोलली.

"पुढच्या आखाजीला माझा भाऊ मला घ्यायला येईल. त्याला या गाडीची चावी द्यायची. सीटा दोनच आहेत, तेव्हा तुम्ही इथे राहून आपल्या बहिणीला पुरणपोळी करून वाढायची. आणि आम्ही निघायच्या आधी तो पट्टा काढून ठेवा. मी आलेय हे माझ्या गावाला हॉर्न न वाजवता कळलं पाहिजे."